खारपाणातला मदरबोर्ड

कॅबिनेटचे पॅनल काढले तेव्हा मदरबोर्डवर पांढरा थर दिसला. धूळ इतकी पांढरी नसते. बोटाने थोडा पुसून घेतला आणि जिभेला लावला. मीठ होते.

वैशालीताई काउंटरच्या पलीकडे उभ्या होत्या. दर्यापूरहून एस.टी.ने आल्या होत्या, कॅबिनेट चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन. त्यांच्याबरोबर त्यांचा दीर नितीन होता. लग्नाचे शूटिंग तो करतो आणि एडिटिंग, ज्याला आमच्याकडे मिक्सिंग म्हणतात, ते ताई करतात.

"यात पाणी कुठून आलं?" मी विचारले. माझ्या आवाजात आरोप होता. तो मला स्वतःलाच ऐकू आला.

"सर, तुमीच तं म्हणलं होतं कूलर लावा म्हणून," त्या म्हणाल्या. रागाने नाही. आठवण करून द्यावी, तशा.

ते खरे होते.

अमरावतीत संगणक जोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. दुकान रफिकभाईंचे आहे, टेबल माझे. वैशालीताई त्या टेबलापाशी पहिल्यांदा आल्या त्या जानेवारीत. त्यांनी गरज अगदी स्वच्छ सांगितली होती. अकोल्यातल्या एका मोठ्या स्टुडिओत त्या पगारावर मिक्सिंग करत होत्या. ती नोकरी सोडून दर्यापुरात स्वतःचा स्टुडिओ सुरू करायचा होता. उन्हाळ्यातल्या लग्नांचे बुकिंग नितीनने घेऊन ठेवले होते. हा एक सीझन नीट निघाला तर स्टुडिओ टिकणार होता. नाही निघाला, तर अकोल्याच्या त्याच खुर्चीवर परत जायचे होते.

"तिथले सेठ म्हणे, उन्हाळा झाला का येशीन वापस," त्यांनी हसत सांगितले होते. "तं सर, मले बजेटमधी असं मशीन द्या, का मले वापस जा नाई लागलं पायजे."

यावर सरळ उत्तर होते. साधा, मजबूत मदरबोर्ड आणि त्यावर कंपनीने ठरवलेल्या वेगाने चालणारा प्रोसेसर. व्हिडिओ तयार व्हायला थोडा जास्त वेळ लागला असता, पण काम झाले असते. मी ते उत्तर दिले नाही. मी त्यांना ओव्हरक्लॉकिंग सुचवले.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसरला कंपनीने नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवणे. त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही, सेटिंग बदलावे लागते. मात्र प्रत्येक मदरबोर्ड ते करू देत नाही. एकाच कंपनीच्या सर्वांत स्वस्त बोर्डावर ही सोय बंद असते, त्याच्या वरच्या श्रेणीत ती उघडी असते. ती उघडी असली म्हणजे झाले, असेही नाही. बोर्डावर प्रोसेसरच्या कडेला व्हीआरएम नावाचा भाग असतो. पॉवर सप्लायकडून आलेली वीज तो प्रोसेसरला मानवेल अशी करून देतो. वेग वाढवला की प्रोसेसर जास्त वीज मागतो आणि व्हीआरएम तापतो. महागड्या बोर्डांवर हा भाग मोठा असतो, त्यावर उष्णता ओढून घेणारे धातूचे जाड ठोकळे असतात. बजेटच्या बोर्डांवर कुठे छोटा ठोकळा असतो, कुठे काहीच नसते.

मी छोट्या ठोकळ्याचा बोर्ड निवडला. बजेटात त्यातल्या त्यात तोच योग्य होता, आणि ही निवड मला आजही चुकीची वाटत नाही. चूक त्या निवडीच्या आधीच झाली होती. स्वस्त बोर्डाकडून महागड्या मशीनचे काम काढून दाखवणे हा माझा छंद आहे. त्या छंदाला एक गिऱ्हाईक मिळाले, इतकेच.

रफिकभाईंच्या हे ध्यानात आले होते. ताई गेल्यावर ते म्हणाले, "भाऊ, शौक तुमचा आणि मशीन बाईचं. ये हिसाब ठीक नहीं."

"टेस्ट करूनच देईन," मी म्हणालो.

आणि टेस्ट केलीही. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून मशीन दिवसभर चालवले. तापमान हद्दीत राहिले, एकदाही बंद पडले नाही. मी समाधानाने त्या आकड्यांचा फोटो काढून ठेवला. बाहेर थंडी होती, मी स्वेटर घालून बसलो होतो. उन्हाळ्यात चालायच्या मशीनची परीक्षा मी स्वेटर घालून घेतली, हे मला तेव्हा विचित्र वाटले नाही.

एप्रिलमध्ये ताईंचा फोन आला. मशीन अधूनमधून आपोआप बंद पडत होते, तेही नेमके व्हिडिओ तयार होत असताना. मागून नितीनचा आवाज येत होता, "वैनी, इचारा सरले, हे मशीन हाय का तवा? पोया शेकू का याच्यावर?"

बिघाड मला लगेच समजला. स्टुडिओ टिनाच्या छपराच्या खोलीत होता. वऱ्हाडातल्या एप्रिलच्या दुपारी त्या खोलीत छोट्या ठोकळ्याचा व्हीआरएम थंड राहणे शक्य नव्हते. उपायही मला माहीत होता. मशीन सुरू होताना एक बटण दाबून सेटिंगमध्ये जायचे आणि वेग मूळ जागी आणायचा. फोनवरून सांगून ते सहज झाले असते.

मी ते सांगितले नाही. का नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. सांगितले असते तर मी दिलेला वेग त्या खोलीत चालत नाही, हे मान्य करावे लागले असते. नितीन ऐकत होता. रफिकभाई समोर बसले होते. मी एवढेच म्हणालो, "ताई, खोली तापते आहे. बाजूचं पॅनल काढून ठेवा आणि मशीन थंड राहील असं बघा."

"थंड म्हंजे कूलर लावू का त्याच्या समोर?"

"लावा," मी म्हणालो.

ते उत्तर देताना माझ्या डोळ्यांसमोर दुकानातला कूलर होता. त्यात महानगरपालिकेच्या नळाचे गोडे पाणी असते. दर्यापूर मात्र खारपाण पट्ट्यात येते. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना जमिनीतले पाणी खारे आहे. बोअरचे पाणी अंगणाला, भांड्यांना आणि कूलरला. नळाचे गोडे पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, ही त्या भागातल्या घराघरांतली वाटणी आहे. कूलरचा गवताचा पॅड एका उन्हाळ्यात दगडासारखा कडक होतो. कूलरसमोरच्या खिडकीच्या गजांवर पांढरी पापडी धरते. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझे स्वतःचे गाव दर्यापूर तालुक्यात आहे. लहानपणी ती पापडी मी नखाने खरवडत असे.

ताईंनी मी सांगितले ते तंतोतंत केले. पॅनल काढले, कूलर समोर ठेवला. मशीन थंड झाले, बंद पडायचे थांबले. त्यांनी मला फोन करून आभारही मानले. पुढे रोज त्या उघड्या बोर्डावर बारीक खारे तुषार बसत राहिले, सुकत राहिले. मग एका दुपारी व्हीआरएमपाशी ठिणगी उडाली आणि मशीन कायमचे गप्प झाले.

हे सर्व तो पांढरा थर पाहत टेबलाशी उभा असताना माझ्या मनात जुळत गेले. नितीन म्हणाला, "वैनी, गोडं पाणी टाका लागत होतं कूलरात."

"गोडं पाणी कूलरात कोन टाकते?" ताई त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या. मग मला विचारले, "सर, होऊन जाईन ना? तीन लग्नं पडून हायेत."

डेटा सुरक्षित होता, प्रोसेसरही वाचला होता. बोर्ड मेला होता. गंजलेल्या बोर्डाला वॉरंटी लागू होत नाही. रफिकभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि दुकानातर्फे नवा साधा बोर्ड द्यायचे कबूल केले. त्या प्रोसेसरला बसणारा बोर्ड अमरावतीत नव्हता, नागपूरहून मागवावा लागणार होता.

मग मी ताईंना सांगितले की चूक पाण्याची नाही आणि तुमचीही नाही. फोन आला त्याच दिवशी वेग उतरवून देता आला असता. मी उतरवला नाही.

ताईंनी विचारले, "म्हंजे हळू चाललं असतं, पन चाललं असतं?"

"हो."

"मले हळू चाललं असतं सर," त्या म्हणाल्या. "मले कुठं घाई होती."

बोर्ड यायला उशीर झाला. लग्नघरची माणसे थांबली नाहीत. त्यांनी शूटिंगचा डेटा मागून घेतला आणि अकोल्याच्या त्याच मोठ्या स्टुडिओत नेऊन दिला. मी नवा बोर्ड बसवून मशीन स्वतः दर्यापूरला पोचवले, तेव्हा सीझन संपत आला होता. नितीनने मशीन माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवले. त्याने टोमणा मारला असता तर मला बरे वाटले असते.

दिवाळीनंतर अकोल्याच्या त्या स्टुडिओतून दुकानाला दुरुस्तीचा फोन आला. मी गेलो. एसीच्या खोलीत, मॉनिटरसमोर वैशालीताई बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, चहा सांगितला. दर्यापूरचे मशीन कसे आहे, असे मी विचारले.

"मस्त चालते. पोरगी त्याच्यावर अभ्यास करते," त्या म्हणाल्या.

मी काम संपवून पॅनलचे स्क्रू आवळत होतो. त्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"सर, याचा वेग तं नाई वाढवला ना तुमी?"

"नाही, ताई."

"मंग बरं हाय," असे म्हणून त्या खुर्चीवर परत जाऊन बसल्या.

बजेटमध्ये ओव्हरक्लॉकिंगसाठी कोणता बोर्ड घ्यावा, असे आजही गिऱ्हाईक विचारते. मी बोर्डाचे नाव सांगण्याआधी दोन गोष्टी विचारतो. मशीन कुठल्या खोलीत राहणार, आणि तुमच्या कूलरमध्ये कुठले पाणी असते. दुसऱ्या प्रश्नाला माणसे हसतात. मी त्यांना हसू देतो आणि उत्तराची वाट पाहतो.