पहिली पाठ

संस्थेच्या ताईंनी मला शेळी दिली तेव्हा एकच अट घातली. तिची पहिली पाठ, म्हणजे पहिलं मादी पिल्लू, दूध तुटलं की पुढच्या बाईला द्यायची. तिनं तिच्या शेळीची पाठ आणखी पुढच्या बाईला. मी बैठकीत मागं बसून नुसती मान हलवली. चारचौघांत मला बोलता येत नाही.

माझ्यानंतर शेजारणीचा नंबर होता. दरसाल दसऱ्यानंतर ती आणि तिचा नवरा ऊसतोडीला जात. या वर्षी सातवीतली पोरगीही न्यायची, असं नवऱ्यानं ठरवलं होतं. पण घरी शेळी असली तर तिला राखायला कुणाला तरी घरी मागं राहावंच लागतं. म्हाताऱ्या आजीला ते होत नाही. म्हणजे पोरगी राहील, शाळाही राहील. शेजारणीला पाठ हवी होती ती एवढ्यासाठी.

पोरगी शाळेतून आली की माझ्या गाभण शेळीला बाभळीच्या शेंगा चारायची, तिच्या पोटाला कान लावायची.

"मावशी, मला दोन पाठ लागतेत. एक सरांचा, एक हिची."

"सरांचा तरी येतो का तुला?"

"न्हाई ना! म्हनून तर हिची पाह्यजे."

आषाढात शेळी व्याली. दोन्ही बोकड. पोरीनं शेपट्या उचलून पुन्हा पुन्हा पाहिलं. मग दप्तर उचलून घरी गेली.

मी शेजारणीला म्हणाले, "माझीच शेळी ने तुझ्या दारी." ती नवऱ्याशी बोलली. तो आतून ओरडलेला मला ऐकू आला, "लोकाची शेळी राखायला मी पोरगी मागं ठिवू?" संस्थेच्या ताईही येऊन बसल्या, पोरीच्या शाळेबद्दल बोलल्या. त्यांना चहा पाजून तो म्हणाला, "बराबर हाय ताई. पुढच्या साली बघू."

दसऱ्यानंतर ट्रक निघाला तेव्हा पोरगी वरती गाठोड्यांवर बसली होती. "मावशी, सरांचा पाठ आता तुमीच करा," म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही.

उन्हाळ्यात शेळी परत व्याली. पाठ झाली, पांढरी, एका कानावर काळा ठिपका. पुढं काही दिवसांनी टोळी परतली. ट्रकमधून शेजारीण उतरली, नवरा उतरला. मी त्यांच्या मागं, ट्रककडं बघत राहिले.

"पोरगी?"

"दिली तिकडंच," शेजारीण म्हणाली. "टोळीतलंच घर हाय." एवढं बोलून ती चूल पेटवायला बसली. चूल लवकर पेटेना.

दूध तुटल्यावर मी पाठ तिच्या दारी नेली. ती घेईल असं मला वाटत नव्हतं. बराच वेळ तिनं दाव्याला हात लावला नाही.

"हिची पाठ कुनाला द्यायची?"

मी पलीकडच्या बाईचं घर दाखवलं.

"तिची पोरगी कितवीत हाय?"

"पाचवीत."

तिनं दावं घेतलं, पाठ खुंट्याला बांधली आणि तिच्यापुढं पाला टाकला.

"खा गं," ती म्हणाली. "जल्दी मोठी हो."