टाकीचं झाकण मी दाखवलं

आमच्या संडासाची टाकी अंगणात आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिचं झाकण नेमकं कुठे आहे हे फक्त मला माहीत होतं, आणि मी दोन दिवस गप्प राहिले.

टाकी बांधली तेव्हा माझी मुलगी शाळेत जायची. मिस्त्रीसोबतची रेजा, घमेली उचलणारी बाई, काम अर्धं टाकून निघून गेली, म्हणून घमेली मी उचलली. स्लॅब पडल्यावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी टाकून तराईही मीच केली. नळापासून नऊ पावलं सरळ, मग दोन पावलं कुंपणाकडे, की झाकण.

मागच्या वर्षी आमच्या भासऱ्यांनी, म्हणजे मालकांच्या मोठ्या भावांनी, साऱ्या अंगणात टाईल्स बसवल्या. झाकणावरूनही बसवल्या. अंगण एकसारखं दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हाच वाटलं होतं की आता टाकी उघडायची कशी? पण आमच्याकडे भासऱ्यांसमोर बोलत नाहीत. डोक्यावर पदर घ्यायचा, आणि काही सांगायचंच असलं तर मुलांच्या तोंडून सांगायचं. लग्न होऊन सौंसरला आले तेव्हापासून मी त्यांच्याशी सरळ एक शब्द बोलले नव्हते.

यंदा मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. पांढुर्ण्याचे पाहुणे घरीच यायचे होते. साक्षगंधाला चार दिवस उरले आणि संडासातलं पाणी खाली उतरेना. टाकी भरली होती. उपसायच्या गाडीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "परवा सकाळी येतो, झाकण उघडून ठेवा."

"पाहुण्यायच्या बायायले काय शेजारी धाडू?" जाऊबाईंनी कपाळावर हात मारला.

भासऱ्यांनी छिन्नी-हातोडी घेतली. "मले माहीत आहे ना. पेरूच्या झाडाजवळ आहे."

"दादा, तिकडं नसन," आमचे हे म्हणाले.

"तू चूप बस. टाकी झाली तवा तू तिगावले ड्युटी करून राहिला होता."

पेरूजवळ चार टाईल्स फुटल्या. खाली मुरूम निघाला. दुसऱ्या दिवशी भिंतीजवळ चार फुटल्या, तिथेही मुरूम. त्या रंगाच्या टाईल्स आता बाजारात मिळत नाहीत. जाऊबाई रडायला आल्या, मुलगी तोंड उतरवून बसली. मी आत भाजी चिरत होते आणि मनात पावलं मोजत होते; सख्ख्या भावाला चूप बसवणारे मुलीच्या तोंडून काय ऐकणार?

तिसऱ्या दिवशी गाडी यायची होती. मी सगळ्यांच्या आधी उठले, पावलं मोजली आणि त्या जागेवर रांगोळीने चौकोन काढला.

भासरे तोंडात ब्रश घेऊन बाहेर आले. "हे कोणं काढलं?"

"आईनं," मुलगी म्हणाली.

"रांगोळ्या काढाचा टाईम आहे का हा?" ते चौकोन ओलांडून गेले आणि त्यांनी नळाजवळ छिन्नी टेकवली.

"दादा, तिथं नाही." माझा आवाज मलाच परका वाटला. "इथं आहे. तराई मी केली होती."

जाऊबाई दारातच थबकल्या. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. छिन्नी तेवढी खाली ठेवली. "मंग तूच फोड."

मी पदर खोचला आणि फोडली. दुसरी टाईल निघाली आणि झाकणाची लोखंडी कडी दिसली.

मालकांनी आणि भासऱ्यांनी झाकण सरकवलं. भासरे लगेच वाकून पाहायला लागले, हातात पेटती बिडी.

"वाकू नका, दादा. आत गॅस राहते. बिडी विझवा."

"घ्या! आता हे काही बोलाचं थांबत नाही," मालक हसले. भासऱ्यांनी बिडी विझवली.

गाडी आली, पाईप आत गेला, पाणी ओढलं गेलं. तळाशी घट्ट गाळ राहिला. गाडीवाला म्हणाला, "एक माणूस उतरवा, सारा साफ निघते."

माहेरी लोधीखेड्याला माझ्या मामाला असंच उतरवलं होतं. दोराने वर ओढला तेव्हा जिवंत होता, पण त्याची छाती कायमची निकामी झाली.

"कोणीच उतरणार नाही," मी म्हटलं. "खाली थोडा गाळ राहिलाच पाहिजे. मिस्त्रीनं तवाच सांगतलं होतं."

गाडीवाल्याने भासऱ्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ऐकू नाही आलं का? पाणी मार अन् पाईपानंच जेवढं येते तेवढं ओढ."

साक्षगंधाच्या दिवशी अंगणात वेगळ्या रंगाच्या टाईल्सचे दोन पट्टे होते. झाकणावर मात्र टाईल नव्हती, कडी उघडी ठेवली होती. कोणाला शेजारी जावं लागलं नाही. जेवणं झाल्यावर विहीणबाईंनी कडीकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय आहे जी?"

भासरे म्हणाले, "ते खातं आमच्या बाईसाहेबायकडे आहे. त्यायलेच विचारा."

सगळ्या बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. मी मान खाली घातली, पण सांगितलं सगळं. ॲसिड ओतू नका, कपडा-प्लास्टिक टाकू नका, काठोकाठ भरायची वाट पाहू नका, माणूस उतरवू नका.

विहीणबाई जवळ सरकल्या. "आमचं झाकण तं किचनच्या ओट्याखाली गेलं हो. याल का पांढुर्ण्याले पाहाले?"

मी येते म्हटलं. भासऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं.