गाळलेलं पान

ऑफिसात तिला सगळे वैदीण म्हणत. बिघडलेल्या फायली तिच्याच टेबलावर यायच्या, म्हणून. इस्पितळांत रिपोर्टच्या फायली उघडून पडद्यावर दाखवणारा एक प्रोग्रॅम, त्यावर त्या कंपनीचं पोट चालायचं. त्यातला फाईल वाचणारा भाग वैदिणीच्या अंगावर होता. फाईल वाकडी आली की प्रोग्रॅम पडायचा. पडला की वैदिणीला हाक.

काम सरळ होतं, सोपं नव्हतं. फाईलमध्ये प्रत्येक पानाआधी एक आकडा असतो : पुढचं पान एवढं लांब. प्रोग्रॅम त्या आकड्यावर भरवसा ठेवून तेवढं वाचतो. आकडा खोटा असला तर फाईल संपली तरी वाचतच सुटतो आणि तोंडावर आपटतो. वैदीण आजारी फाईल घ्यायची, अर्धी कापायची, दुखणं कुठल्या अर्ध्यात ते बघायची, मग त्या अर्ध्याचं अर्धं. असं करत खोट्या आकड्यापर्यंत पोचायची. कधी दिवस जायचा, कधी जास्त. मध्ये कुणी बोललेलं तिला खपायचं नाही.

ही शिस्त आईची. आईने उभी हयात लॉन्ड्रीत इस्त्री फिरवण्यात घालवली. दोन्ही मनगटांवर भाजल्याचे पट्टे होते. पोरीने घडी घातली की आई ती उलगडायची, आत चुणी दिसली की कपडा तिच्याच अंगावर फेकायची आणि विचारायची, "काम केलंस की उरकलंस?"

वैदिणीने एकदा उरकलं.

एका लॅबने नवं यंत्र आणलं होतं आणि ते आकडे चुकीचे लिहीत होतं. इस्पितळात प्रोग्रॅम सकाळपासून पडत होता. काउंटरची रांग दाराबाहेर गेली. साहेब फोन घेऊन तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. फोनमधून इस्पितळाच्या मॅनेजरचा आरडाओरडा सगळ्यांना ऐकू येत होता.

"साहेब, आकडा खोटा निघाला तर पान खरं कुठे संपतं ते शोधायला लागेल. आठवडा तरी द्या."

"आठवडा? हा माणूस मला आत्ता कच्चा खातोय! पडता कामा नये, एवढंच बघ."

"मग वाकडं पान सोडून पुढे जावं लागेल."

"मग सोड की! घोडं अडलंय कुठे?"

तिने सोडलं. चार ओळींचं काम. पान सोडलंय हे पडद्यावर सांगायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण पडद्यात बदल म्हणजे इस्पितळाची परवानगी, बैठका, सह्या. ते नंतर करू, असं ठरलं. दुपारी रांग ओसरली. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. "वैदिणीच्या हाताला गुण आहे," म्हणाले. मग दुसरी कामं आली आणि नंतरचं नंतरच राहिलं.

प्रोग्रॅम पुन्हा पडला नाही. पडत नाही म्हणजे बरा झाला, असं तीही धरून चालली.

पुढे आईचं पोट दुखायला लागलं. जवळचं इस्पितळ तेच, तपासणीही त्याच लॅबमध्ये. कागद द्यायचं लॅबने बंद केलं होतं. रिपोर्ट थेट डॉक्टरांच्या पडद्यावर. एक पान. लिव्हर ठीक, पित्ताशय ठीक, मूत्रपिंडं ठीक. बाहेर पेशंट खोळंबले होते. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही. वयाने पचन मंदावलंय. गोळ्या देतो."

वैदिणीचा जीव भांड्यात पडला. पडद्याच्या कोपऱ्यात आपल्या कंपनीचं चिन्ह बघून तिला जरा बरंही वाटलं. आई बाहेर येऊन म्हणाली, "एवढं सांगायला एवढा मोठा पडदा लागतो होय?"

थंडी येईपर्यंत आईचे कपडे आईच्याच अंगावर लोंबायला लागले. गोळ्यांनी काही फरक नव्हता. वैदिणीने लॅबकडून मूळ फाईल मागवली, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला. ऑफिसात उघडली. तेच एक पान. कुठलीही फाईल दुरुस्तीआधीच्या जुन्या प्रोग्रॅममध्येही टाकून बघायची तिची रीत होती. टाकली.

प्रोग्रॅम पडला.

तिने फाईल पुन्हा टाकली, पुन्हा पडला. मग फाईल अर्धी कापली, त्या अर्ध्याचं अर्धं केलं. रीत मोडली नाही. खोटा आकडा सापडला. हाताने खरा घातला. दुसरं पान उघडलं : स्वादुपिंडात गाठ, विनाविलंब पुढची तपासणी करावी.

पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी हसत विचारलं, "काय वैदीणबाई, वाचला का पेशंट?"

दुसऱ्या डॉक्टरने सगळं बघून चष्मा काढला. "तेव्हा आला असतात तर गाठ काढून बघता आली असती. आता दुखणं कमी ठेवायचं, बस."

आईला तिने काही लपवलं नाही. भाऊ उशाशी होता.

"म्हणजे पान होतं," आई म्हणाली.

"होतं. प्रोग्रॅमला ते सोड म्हणून मीच सांगितलं होतं."

आई म्हणाली, "उरकलंस."

लेक रडायला लागली तशी आई खेकसली, "रडून पान येणार आहे? अशी आणखी किती माणसं असतील?"

"माहीत नाही."

"मग माझे पाय काय चेपत बसलीस?"

इस्पितळाला कळवायचं आणि सुटलेल्या पानाची पडद्यावर लाल खूण दाखवायची, हे तिचं म्हणणं साहेब ऐकेनात. "अगं, सगळीकडे लाल पट्ट्या दिसतील. गिऱ्हाईक बोंब मारेल. झालं ते झालं, कशाला उकरतेस?"

"माझ्या आईचं मी उकरलं, साहेब. बाकीच्यांच्या आयांचं कोण उकरणार? तुम्ही कळवत नसाल तर मी चालले इस्पितळात."

साहेबांनी कळवलं. तिने नव्याने लिहायला घेतलं. आकडा खोटा असेल तर पानाची खरी कड शोधायची. नाहीच सापडली तर लाल अक्षरांत सांगायचं, इथे पान आहे, वाचता आलेलं नाही. जुने रिपोर्ट पुन्हा त्यातून काढले. सुटलेली पानं निघत गेली. इस्पितळाने माणसांना फोन लावले. काही फोन उचलायला माणूस उरला नव्हता.

संध्याकाळी ती आईजवळ बसली. आईचा आवाज आता जेमतेम ऐकू यायचा.

"केलंस?"

"केलं."

"उलगडून बघितलंस?"

"बघितलं."

"परत बघ."

सकाळी वैदिणीने परत बघितलं. आणखी एक जागा निघाली : आकडा शून्य असला तर पान अजूनही मुकाट सुटत होतं. ती ते नीट करत असताना भावाचा फोन वाजायला लागला. या वेळी तो कशासाठी फोन करेल, हे तिला माहीत होतं. तिने ओळ पुरी केली, फाईल टाकून तपासली, आणि मग फोन उचलला.