ओवीचं दुखणं कुणी ओळखलं

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. खरं सांगायचं तर या सदरातले अनुभव वाचून "काहीतरीच!" म्हणणाऱ्यांपैकीच मी एक. भुताखेतांवर, संकेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं छातीठोकपणे म्हणवत नाही. पण वय झालं. एक गोष्ट आमच्या घरात चुकीची नोंदली गेली आहे, ती दुरुस्त करून जावी म्हणून लिहितो.

आम्ही फरीदाबादला राहतो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बेडरूमला लागून दक्षिणेची बाल्कनी. तेव्हा घरात आम्ही पाच जण — मी, माझी बायको कुसुम, मुलगा नितीन, सून स्नेहल आणि दहा महिन्यांची नात ओवी. जानेवारी होता. आमच्या महाराष्ट्र मंडळाची बस दरवर्षी पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते. कुसुमचं नाव त्या बसमध्ये होतं. पण सकाळी तिचा पाय निघेना. ओवीला आदल्या दिवसापासून पातळ शी होत होती.

"अगं, दात येतायत तिला," मी म्हणालो. "नितीनला नव्हते का होत दात येताना जुलाब?"

"दात येतायत म्हणून सगळं दातांवर ढकलायचं?" कुसुम शाल गुंडाळत म्हणाली. "आज तिला दुपट्यात ठेवा हो. त्या डायपरमध्ये काय चाललंय ते कळतच नाही."

"एवढ्या थंडीत? ओलं दुपटं दर अर्ध्या तासाला कोण बदलणार?"

"तुम्ही. रिटायर झालात ना?"

"चलो, चलो, बस सुटेल," म्हणत मी तिला जवळजवळ ढकललंच. नितीन-स्नेहल ऑफिसला गेले. मी ओवीला डायपर बांधला आणि पेपर उघडला.

आमच्या पिढीची पोरं लंगोटावर वाढली. शी झाली की दिसायची, वास यायचा, धुवायला लागायची. डायपरचं गणित मला ठाऊक नव्हतं. तो जड लागला की मी समजायचो, सू झाली. वरचेवर जड होत होता... मला उलट बरंच वाटलं. सू भरपूर होतेय म्हणजे पोटात पाणी आहे, पोरगी ठीक आहे. उघडून नीट न बघताच गुंडाळून टाकायचो. दुपारपर्यंत ती गप्प पडून राहिली, तर मी म्हणालो, "शहाणी गं माझी बाय!"

बाल्कनीत ऊन आलं होतं. दूध तापत ठेवून मी बेडरूमच्या दारात आलो, तर पलंगाच्या कडेला कुसुम बसलेली. तीच जांभळी शाल. तिने ओवीचं झबलं वर केलं, पोटाचं कातडं चिमटीत धरलं आणि सोडलं. एरवी लहान मुलाचं कातडं कसं चटकन सपाट होतं. ते झालं नाही. घडी पडल्यासारखं उभंच राहिलं, मग सावकाश बसलं.

"अगं, बस चुकली का तुझी?" मी विचारलं.

ती वळली नाही. "आधी डायपर उघडा. ही सू नाहीये. पोरीचं पाणी चाललंय."

तेवढ्यात दूध उतू गेल्याचा आवाज आला. मी धावत जाऊन गॅस बंद केला, परत आलो. खोलीत ओवी एकटी होती. झबलं वर केलेलं. बाहेरच्या दाराची कडी आतून लावलेली...

मी डायपर उघडला. नुसतं पाणी. सूचा वास नाही, आंबूस वास. ओवीचे डोळे खोल गेले होते. ती रडायला लागली, तर डोळ्यांतून टिपूस येईना. ओआरएसचं पाकीट घरात होतं. ते कालवून चमच्याचमच्याने पाजत मी तिला ऑटोत घातलं आणि जवळच्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी लगेच सलाइन लावलं.

"वक़्त पर ले आए, अंकल," त्या म्हणाल्या. "लोग डायपर में समझ ही नहीं पाते. किसने पहचाना?"

"मैंने," मी म्हणालो.

एकच शब्द. दुसरं काय सांगणार होतो? बायको पानिपतला गेलीय आणि तीच घरी येऊन सांगून गेली? संध्याकाळी स्नेहलने रडत माझे पाय धरले. "बाबा, तुमच्यामुळे वाचली." "असू दे, असू दे," म्हणत मी तिला उठवलं. कुसुम बसमधून उतरून थेट दवाखान्यातच आली.

दुसऱ्या दिवशी ओवीला घरी आणल्यावर, चहाच्या वेळी तिला मांडीवर घेऊन, कुसुम सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो, काल मी आले होते ना घरी? जेवणाच्या सुमारास बसमध्ये डोळे मिटले होते. हिचं पोट माझ्या बोटांना लागलं. तुम्ही मला विचारलंत, बस चुकली का तुझी?"

नितीन हसत म्हणाला, "आई, यार, तू पण ना!" सगळे माझ्याकडे बघत होते.

"स्वप्न पडलं असेल," मी म्हणालो. "बसमध्ये डुलकी लागतेच."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "असेल."

तेवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं. पण तिने ते मनावर घेतलं. "मला हल्ली नसलेलं दिसतं," म्हणायला लागली. गॅस बंद केला का, हे मला दोनदोनदा बघायला लावायची. ओवीला एकटीने सांभाळणं तर तिने सोडूनच दिलं. "नको रे बाबा, माझं डोकं ठिकाणावर नसतं. तिला बाबांकडे द्या, त्यांना बरोबर कळतं." स्नेहलने प्रेमाने कुसुमच्या सगळ्या टेस्ट करून घेतल्या. काही निघालं नाही. तरी तिचा स्वतःवरचा भरवसा परत आला नाही. जिने पोरीला वाचवलं, ती पोरीला उचलायला घाबरायची, आणि मी शहाणा आजोबा म्हणून मिरवत होतो. किती वेळा वाटलं, सांगावं. पण मग डॉक्टरीणबाईंना, सुनेला, सगळ्यांना खोटं बोललो, हेही सांगावं लागलं असतं.

त्या दुपारी काय झालं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पानिपत आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे. मंडळातल्या बायका सांगतात, त्या वेळी कुसुम बसमधून हललीच नव्हती. माझ्या डोळ्यांचा खेळ म्हणावा, तर माझे शब्द तिला कसे कळले?

कुसुम दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या आठवड्यात मी रोज तिच्या उशाशी बसून एक वाक्य मनात घोकत होतो. एका दुपारी मी तिचा हात हातात घेतलासुद्धा. तिने डोळे उघडले, म्हणाली, "काय हो, असं काय बघताय? जेवलात का?" मी म्हणालो, "हो, जेवलो." आणि ती पुन्हा झोपली.

कुसुम, तू आली होतीस. मी पाहिलं होतं तुला. तुझं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं गं... मला माफ कर.