मुक्ताचा दहा बाय सहा

माझी मुलगी अधिकारी झाल्याची बातमी आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीला सगळ्यात आधी कळली. ती झालेली नव्हती, एवढंच.

चूक माझी. मुक्ता चोवीस वर्षांची, स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न. मुलाखत "बरी गेली" म्हणाली. (बापाला तेवढं पुरतं!) निकालाच्या दिवशी फ्लेक्सवाल्याकडे झुंबड असते, म्हणून मी आधीच दहा बाय सहाचा फ्लेक्स सांगून ठेवला. 'हार्दिक अभिनंदन!' खाली मुक्ताचा फोटो, शेजारी 'शुभेच्छुक' म्हणून गॉगल लावलेला मी. (तिच्यापेक्षा किंचित मोठा.) वर सांगितलं, "निकालाच्या दिवशी सकाळीच लावून टाक!"

त्यानं लावला. निकाल दुपारी आला. यादीत मुक्ता नव्हती.

यादी चारदा पाहून ती खाली गेली. परत आली तेव्हा शेजारच्या पाटीलकाकूंनी गेटवर कोंबलेला पेढा तोंडात तसाच होता.

"बाबा, मी अकरा जणांना थँक्यू म्हणाले."

तेव्हा मला फ्लेक्स आठवला! धावत खाली गेलो, शिडी लावली, तर वॉचमन म्हणतो, "साहेब, राहू द्या की संध्याकाळपर्यंत. लय भारी दिसतोय!"

"अहो, ती नापास झालीये!" मी शिडीवरून ओरडलो. (ज्यांना कळायचं राहिलं होतं, त्यांनाही कळलं.)

मग महिनाभर मुक्ता मागच्या फाटकानं ये-जा करायची. जेवण खोलीत. एकदा ताट घेऊन गेलो, तर भिंतीकडे बघत म्हणाली, "फ्लेक्सवरची मुलगीच तुम्हाला जास्त आवडते ना?"

"काहीतरीच काय!" म्हणालो. पुढे काही सुचेना. (मला! ज्याला लग्नात माइक दिला की काढून घ्यावा लागतो!) ताट ठेवून आलो. तिनं ते तसंच ठेवलं.

बायकोनं फ्लेक्स गच्चीवर पसरून त्यावर कुरडया घातल्या. मुक्ता वर गेली, बघत राहिली. "आई, माझ्या तोंडावर नको. बाबांच्या गॉगलवर घाल." महिन्याभरातलं तिचं सगळ्यात लांब बोलणं.

परवा ती जेवायला टेबलावर येऊन बसली. "मी नोकरी धरलीये. मखमलाबादच्या एका नर्सरीत. रोपं बघते. बरं वाटतं तिथे."

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

"आणि बापाला आज सांगतेस?"

"फ्लेक्स लावाल म्हणून!"

"छे गं, मी काय वेडा आहे?" असं म्हणत मी टेबलाखाली हळूच लावलेला फोन घाईघाईनं कट केला. पलीकडून फ्लेक्सवाला विचारत होता, "काका, साइज तीच ना?"