दोन माळांचं अंडं

जन्मात कधी अंड्याला हात न लावता अंड्याबद्दल सगळं काही जाणणारी बाई अख्ख्या निलंग्यात एकच असेल, आणि ती म्हणजे आमची घरमालकीण. सगळे त्यांना अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्काच म्हणते. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे, पुढच्या खोलीत किराणा दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू. राहायला आलो त्याच दिवशी अक्कांनी दारात उभं राहून सांगितलं होतं, "तुमी बुद्धाचे, आमी महादेवाचे, तेचं मला कायबी न्हाई. पन घरात अंडं-मटन चालायचं न्हाई." आमच्या ह्यांनी मान हलवली. मला मान हलवायचीही लाज वाटते, म्हणून मी नुसती उभी राहिले. माझं माहेर लोह्याचं आहे एवढं कळल्यावर अक्कांनी माझं नाव विचारलंच नाही. तेव्हापासून मी लोहेकरीण.

अक्का आमच्या घरमालकीण आहेत, की आम्हीच त्यांच्या घरातली माणसं आहोत, हे मला अजून उमगलेलं नाही. पाणी कधी भरायचं, कपडे कुठल्या दोरीवर घालायचे, भाकरीला उकळतं पाणी घ्यायचं का कोमट, सगळं त्याच ठरवतात. एकदा आमच्या प्रज्ञाची वेणी त्यांना वाकडी वाटली, तर दुकान तसंच टाकून शाळेच्या फाटकापर्यंत पळत गेल्या आणि तिथं सगळ्यांच्या देखत वेणी सोडून पुन्हा घातली. एवढी माया, पण आमच्या घरचा चहा म्हटला की त्यांना पित्त होतं. मी विचार करून थकते आणि सोडून देते.

प्रज्ञा नऊ वर्षांची. मागच्या उन्हाळ्यापासून तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता, आणि एक दिवस शाळेत प्रार्थनेच्या रांगेतच ती चक्कर येऊन पडली. दवाखान्यात अक्काच आमच्याबरोबर आल्या, कारण "तू काय डाक्टरासमोर तोंड उघडायची न्हाईस." ते खरंच होतं. डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या डोळ्याखालची पापणी ओढून बघितली, रक्त तपासलं आणि सांगितलं की रक्त फार कमी आहे. गोळ्या लिहून दिल्या, पालेभाजी, गूळ, शेंगदाणे सांगितले, आणि शेवटी म्हणाल्या, "रोज एक अंडं द्या. चुकवू नका. असंच चाललं तर मोठ्या दवाखान्यात रक्त चढवायला न्यावं लागेल." माझी नजर आपोआप अक्कांच्या पायांकडे गेली.  परत येताना रिक्षात मी मनातल्या मनात दुसरी खोली शोधायला लागले होते. घर आलं, अक्का उतरल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मागं न्हानीच्या पलीकडं तीन दगडं मांड. भांडं येगळं ठेव. घरात आननार न्हाईस, बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली तेव्हा अक्का नाकाला पदर लावून चांगल्या दहा हातांवर उभ्या होत्या. मला वाटलं, चुलीवर नजर ठेवायला आल्या असतील. पण त्या शिकवायला आल्या होत्या. "आदी पान्यात सोडून बग. आमी बियानं बगतो तसं. तरंगलं का फेकून दे." मी सोडलं, बुडालं. पुढं अंडेवाल्या चाचांना विचारलं तर ते म्हणाले, "बराबर है, तैरनेवाला बासी रहता." अक्कांना कसं कळलं, मला माहीत नाही. पुढचा प्रश्न वेळेचा. घड्याळ आत भिंतीवर, आणि आतलं घड्याळ या कामाला वापरायचं नाही असं अक्कांनी ठरवलं. मग त्यांनी आपली रुद्राक्षाची माळ काढली, पाठ फिरवली, आणि पाणी उकळायला लागल्यावर नमः शिवाय सुरू केलं. एका माळेत पिवळं पातळ राहिलं, पोरगी म्हणाली घसा धरतो. दोन माळांत नेमकं झालं. तेव्हापासून आमच्या घरचं अंडं दोन माळांचं.

यात एकच अडचण होती. मध्येच कोणी दुकानावर येऊन हाक मारली की अक्कांचा जप मोडायचा. मोडलेला जप पुढं चालवायचा नाही, पुन्हा पहिल्या मण्यापासून धरायचा, हा त्यांचा नेम. कोणी साखर मागायला यायचं, कोणी उदबत्ती, आणि अंडं बिचारं उकळतच राहायचं. बाजारच्या दिवशी तर पिवळ्याभोवती हिरवट काळी कड यायची आणि अंडं जमिनीवर टाकलं तर उडी मारील असं व्हायचं. मी एकदा भीत भीत म्हणाले, "अक्का, मी मनात आकडे मोजू का?" त्या म्हणाल्या, "तू चौथी शिकलेली, मदेच इसरशील." त्याही चौथीच शिकल्या आहेत, पण हे मी बोलले नाही. आजूबाजूच्या बाया मात्र म्हणू लागल्या की अक्कांची भक्ती हल्ली फार वाढली, सकाळी न्हाणीमागं जाऊन जप करून राहिल्या.

मग अक्कांनी अंड्याचे फायदे गोळा करायला घेतले. दुकानावर येणाऱ्या प्रत्येक माणसाला त्या विचारायच्या. अंडं हा शब्द मात्र तोंडातून काढायच्या नाहीत, 'ते पांढरं' म्हणायच्या. शाळेतल्या बाई म्हणाल्या, पिवळं देऊ नका, जड असतं. तो आठवडाभर प्रज्ञाला नुसतं पांढरं. चाचा म्हणाले, "अम्मा, जर्दी में ही तो ताकत है." पुढचा आठवडाभर नुसतं पिवळं. एक कंपाउंडर सांगून गेला की हाडं पांढऱ्यानं भरतात, त्याची बायको म्हणाली डोळे पिवळ्यानं चांगले राहतात. कोण खरं बोलतंय ते मला कळेना, आणि उरलेलं टाकवेना, म्हणून रोजचं अर्धं अंडं मी खात होते. दोन महिन्यांत माझी पोलकी दंडात दाटायला लागली आणि पोरगी होती तशीच. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच डोक्याला हात लावला. "अहो, लहान लेकरू आहे, पूर्ण अंडं द्या. कच्चं देऊ नका, नीट शिजवून द्या. जेवणात लिंबू पिळा, आणि वर लगेच चहा पाजू नका." अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी पयल्यापासून हेच सांगून राहिले. ऐकतंय कोन?"

तोवर पोरगी उकडलेल्या अंड्याला कंटाळली होती. ताट दिसलं की तोंड फिरवायची. अक्कांनी हे फार मनावर घेतलं. "लेकराला रोज तीच भाजी घातल्यावर खाईल कसं?" म्हणत त्यांनी मला एकेक प्रकार सांगायला सुरुवात केली. त्यांना येत होतं वांगं, दोडकं आणि पिठलं, त्यातूनच त्यांनी अंडं शोधून काढलं. "वांग्याला चिरा देतो तशा चिरा दे, मसाला आत जाईल," म्हणून येसराच्या आमटीत चिरा दिलेली अंडी सोडायला लावली. येसराचं, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्यांचं, पीठ त्यांनी स्वतःच्या डब्यातून दिलं, वरून माझ्या वाटीत, वाटीला वाटी न लावता. ती आमटी इतकी चांगली झाली की आमच्या ह्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. पिठल्यासारखं घोटायला सांगितलं त्याची मऊ भुर्जी झाली. धिरड्यासारखा कांदा-कोथिंबिरीचा पोळा झाला. दोडक्यासारखं वाफेवर ठेवायला सांगितलं ते मात्र काय झालं ते मी अजून सांगू शकत नाही. चव बघता येत नसल्यानं त्या लांबूनच विचारायच्या, "मीठ?" मी म्हणायची, "बरंय." "बरंय म्हंजे कमी का जास्त?" मी पुन्हा, "बरंय." एकदा मीठ घालायचंच राहिलं होतं, तरी मी बरंय म्हणाले. पोरीनं पहिल्याच घासाला सांगून टाकलं, आणि अक्का दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

पोरीच्या गालांवर थोडा रंग येऊ लागला होता आणि श्रावण लागला. पौर्णिमेला आम्हीही अंडं करत नव्हतो, ते एका दिवसाचं असतं. पण अक्कांच्या आवारात अख्खा श्रावण चूल पेटणार कशी?  पहिला दिवस चूल गार, दुसरा दिवस गार. प्रज्ञा जिन्याच्या पायरीवर दम खात बसलेली मी बघितली, अक्कांनीही बघितली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या माळ घेऊन न्हाणीमागं उभ्या. "पेटव." मी म्हणाले, "अक्का, श्रावण आहे." त्या म्हणाल्या, "मला कॅलेंडर शिकवू नकोस."

मग मला एक वेगळीच गोष्ट जाणवू लागली. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून अक्कांच्या भाकरी थापण्याचा आवाज यायचा, तो येईना. सोमवारी उपास असतो, हे मला माहीत होतं. पण मंगळवारीही नाही, बुधवारीही नाही. विचारलं तर म्हणाल्या, पित्त झालंय. शेवटी पोरीनंच फोडलं. अक्का तिला म्हणाल्या होत्या, "तू खा. तुज्या वाटचा उपास मी धरून राहिले, म्हंजे महादेव तुज्यावर रागवनार न्हाई. पन आईला सांगू नगंस, ती रडत बसंल." मी रडले नाही.  आमचा कुठला उपास, आणि त्यांचा महादेव आमच्या पोरीवर कशाला रागावेल? हे मी अक्कांना कसं सांगणार होते? आणि सांगून त्यांनी ऐकलं असतं का? रोज सकाळी अंडं उकळत होतं, आणि रोज संध्याकाळी ती भिंत गप्प होती.

श्रावण संपल्यावर आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि पहिल्यांदाच हसल्या. रक्त चांगलं वाढलं होतं, चढवायची गरज नव्हती. मग त्यांचं लक्ष अक्कांकडे गेलं. अक्कांचा हात धरून त्यांनी नखं बघितली, पापणी ओढून बघितली. "आजी, आता तुमचंच रक्त कमी दिसतंय. तुम्ही अंडं खाता का?"

अक्का प्रज्ञाच्या डोक्यावर हात ठेवून शांतपणे म्हणाल्या, "माज्या वाटचं ही खाऊन राहिली."

डॉक्टरीणबाईंना ते गमतीचं वाटलं, त्या हसत हसत गोळ्या लिहायला लागल्या. 

रिक्षा मिळेना, म्हणून चालतच निघालो. प्रज्ञा पुढं पळत होती, एका पायावर उड्या मारत. तिला दम लागत नव्हता, हे अक्का डोळे बारीक करून बघत होत्या. वाटेत एके ठिकाणी त्या थांबल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हळू चाल ग. मला न्हाई होऊन राहिलं तुज्यासंगं." हात इतका हलका होता की ठेवलाय हे क्षणभर कळलंच नाही. मला पुष्कळ विचारायचं होतं. पोरीसाठी केलंत, की महादेवाला भिऊन केलंत? मी तुमची कोण? पण विचारलं असतं तर त्यांनी हात काढून घेतला असता असं वाटलं. म्हणून मी पावलं तेवढी लहान केली.