टाकी धुतल्यानंतरचा नमुना

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी इंदूरच्या एका खाजगी हॉस्पिटलात चाळीस हजार डिपॉझिट भरून आम्ही केतकीला दाखल केलं. मी, पत्नी सुनीता आणि जावई समीर हजर होतो. केतकी आमची मुलगी, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. आठवा महिना. डोळे हळदीसारखे पिवळे.

डॉक्टर म्हणाल्या, "हिपॅटायटिस ई. दूषित पाण्यातून होणारी कावीळ. इतरांची बहुधा आपोआप बरी होते, गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. खास औषध नाही. लक्ष ठेवायचं."

रोज आयएनआर बघत, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते. आकडा चढला की यकृत थकतंय. तो चढत होता, आणि आम्ही बाहेरच्या बाकावर.

घरी प्यायला आरओ आहे. पण दात घासायला, कोथिंबीर धुवायला नळच. आमची कॉलनी अजून नगर निगमच्या ताब्यात गेलेली नाही. बोअर, टाकी, पाण्याची तपासणी, सगळं कॉलनीच्या रहिवासी समितीकडे. दरवर्षीचा रिपोर्ट उत्तम.

अध्यक्ष मोघेजींना बाकावरूनच फोन करून विचारलं, नमुना कधी घेता?

"टाकी धुऊन, ब्लीचिंग टाकून, दुसऱ्या दिवशी. गंदं पाणी लॅबमध्ये कोण पाठवतं, भिया?"

मी लॅबची निर्जंतुक बाटली आणली आणि नळाचं पाणी होतं तसं दिलं. रिपोर्टात कोलिफॉर्म निघाले, म्हणजे सांडपाणी मिसळत असल्याची खूण.

मोघेजी घरी आले. "शिकायत केलीत तर बोअर सील होईल, काळेजी. मग साठ घरं तुमचा रिपोर्ट पिणार?"

खोटं नव्हतं ते. दुसरी लाइन नव्हती. घर विकावं, तर हे सांगून घेणार कोण?

सुनीता चहाचे कप उचलत म्हणाली, "आणि केतकी बाळाला घेऊन येणार कुठे? ह्याच नळाखाली?"

मी तक्रार दिली. बोअर सील झाला.

त्याच आठवड्यात आयएनआर थांबला, मग उतरला. मुलगी झाली, वेळेआधी, लहानशी. काही दिवस काचेच्या पेटीत राहिली. दोघी घरी आल्या. त्या डॉक्टरांचे आणि नर्सताईंचे उपकार फिटणारे नाहीत.

तुमच्या कॉलनीचं पाणी स्वतःचं असेल, तर नुसता रिपोर्ट बघून परतू नका. नमुना कधी आणि कोणत्या नळावर घेतला, ते विचारा.

बोअर सील झाल्यावर पहिला टँकर आला तेव्हा सगळ्यांनी बादल्या भरल्या. पैशांची वेळ आली तशी फाटकापाशी कोणीतरी म्हणालं, "ज्यांनी बंद पाडलं, त्यांनीच द्यावेत."

नऊशे रुपये मी टँकरवाल्याच्या हातात दिले.